सेलेरॉन ३००एला जादा व्होल्ट: जुन्या हार्डवेअरवर बेंचमार्क स्पर्धा खेळू पाहणाऱ्यांसाठी

जुन्या हार्डवेअरच्या स्पर्धेत तुमची गाठ आजच्या प्रोसेसरांशी पडतच नाही. एचडब्ल्यूबॉटवर, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवून काढलेल्या आकड्यांच्या संकेतस्थळावर, प्रत्येक मॉडेलची क्रमवारी वेगळी लागते. तुम्ही सेलेरॉन ३००ए घेऊन उतरलात की समोर फक्त सेलेरॉन ३००एवालेच. त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वीचा, भंगारात निघालेला प्रोसेसर घेऊनही तुम्ही जगातल्या पट्टीच्या खेळाडूंच्या यादीत बसू शकता. पैसा फारसा लागत नाही. लागतो तो मल्टिमीटर आणि संयम. हे दोन्ही नसतील तर व्होल्टेजच्या वाटेला जाऊ नका, कारण प्रोसेसरच्या घड्याळाचा (क्लॉकचा) वेग चुकला तर मशीन फक्त हँग होतं, व्होल्टेज चुकलं तर चिप जळते.

हा लेख एकाच जोडीभोवती लिहिला आहे: इंटेलचा सेलेरॉन ३००ए आणि ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड. शेवटी ग्राफिक कार्डाला ट्रिमर, म्हणजे स्क्रूने बदलता येणारा छोटा रेझिस्टर, लावायची पद्धत आहे. तो हिशोब एकदा डोक्यात बसला की कुठल्याही जुन्या बोर्डावर चालतो.

३००एच का

ऑगस्ट १९९८ मध्ये हा प्रोसेसर आला तेव्हा त्याची किंमत १४९ डॉलर होती. आधीच्या सेलेरॉनमध्ये एल२ कॅश (प्रोसेसरजवळची जलद स्मृती) अजिबात नव्हती आणि लोकांनी त्याची पुरेशी टिंगल केली होती. ३००एमध्ये इंटेलने १२८ केबी कॅश थेट चिपवरच टाकली, तीही प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने धावणारी. पेंटियम २ ची कॅश आकाराने मोठी, पण कार्ट्रिजवर वेगळ्या चिपांत आणि निम्म्या वेगाची. प्रोसेसरचा वेग म्हणजे बस (बोर्डाचं मूळ घड्याळ) गुणिले गुणक; ३००एचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता. बस ६६ मेगाहर्ट्‌झची, म्हणून ३००. बीएक्स बोर्डावर बस १०० केली की झाले ४५०, आणि बहुतेक नग हे निमूट सोसायचे. चौपटीहून महाग पेंटियम २-४५० च्या जवळपास जाणारं काम हा करायचा.

आपल्या दृष्टीने त्याचा दुसरा गुण जास्त मोलाचा. हा प्रोसेसर बोर्डाला किती व्होल्ट मागतो, ते त्याच्या कार्डाच्या कडेवरच्या पाच पट्ट्या ठरवतात. त्या पट्ट्या झाकल्या की मागणी बदलते. सोल्डरिंग नाही, ड्रिल नाही. शिकण्यासाठी याहून चांगलं हार्डवेअर मला तरी माहीत नाही.

एक विनंती. वूडू ५ ग्राफिक कार्ड किंवा तसलीच एखादी दुर्मीळ गोष्ट हाताशी असेल तर तिच्यावर पहिला प्रयोग करू नका. ढिगाने बनलेल्या, ढिगाने मेलेल्या वस्तूंवर हात बसवा.

सामान

प्रोसेसर घेताना तो स्लॉट १ चा, म्हणजे उभ्या कार्डावरचा आहे ना ते बघा. ३००ए सॉकेट ३७० मध्येही आला होता. तो असेल तर ‘स्लॉकेट’ नावाचं रूपांतर-कार्ड लागतं, आणि व्होल्टेजचे जंपर असलेलं स्लॉकेट मिळालं तर पट्ट्या झाकायची कटकटच संपते. त्या काळात एसएल२डब्ल्यूएम छापलेल्या नगांच्या मागे लोक वेड्यासारखे धावायचे. आज मिळेल तो घ्या, जमल्यास दोन-तीन घ्या. एकाच मॉडेलच्या नगा-नगांत फरक असतो आणि चांगला नग शोधणं हा अर्धा खेळ आहे.

बोर्ड म्हणून असुस पी२बी किंवा अबिट बीएच६ उत्तम. बीएच६मध्ये बस आणि व्होल्टेज दोन्ही बायॉसमधून, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यातून, बदलता येतात. ते मिळालं तर खालचा पट्ट्यांचा भाग फक्त समजून घेण्यापुरता वाचा. रॅम पीसी१३३ ची, सीएल२ ला (कमी विलंबावर) चालणारी. २५६ एमबीची कांडी घ्यायची तर १६ चिपांची घ्या. ८ चिपांची घेतली तर बीएक्स तिची निम्मीच मोजतो आणि तुम्ही उगाच कांडीला दोष देत बसता.

पुण्यात असाल तर बुधवार आणि रविवारचा जुना बाजार, बाकी सुटे भाग तपकीर गल्लीत. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड सांगायला नको. भंगारवाल्याकडे बोर्ड बघताना प्रोसेसर स्लॉटजवळच्या कपॅसिटरांचे माथे बघा. सपाट हवेत. फुगलेले, किंवा बुडाशी तपकिरी ओघळ असलेले कपॅसिटर म्हणजे १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (कमी अंतर्गत रोधाचे) नवे बसवावे लागणार. जादा व्होल्टचा प्रयोग जुन्या, वाळलेल्या कपॅसिटरांवर करणं म्हणजे पंक्चर टायरवर घाट चढणं.

एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, साधा एटीएक्स चालतो. २४ पिनांचा प्लग २० पिनांच्या सॉकेटवर चार पिना बाहेर ठेवून बसतो. फक्त लेबलवर ५ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा, कारण हे बोर्ड प्रोसेसरची वीज सहसा ५ व्होल्टवरून घेतात आणि नव्या एसएमपीएसांचा सगळा जोर १२ व्होल्टवर असतो. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडायचं नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही झटका शिल्लक असतो.

पहिली पायरी: काहीच वाढवायचं नाही

सगळं जोडा आणि मूळ वेगाने, मूळ व्होल्टेजवर चालवा. वहीत लिहा: बायॉसमध्ये दिसणारा व्हीकोर (प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज), मल्टिमीटरने मोजलेला व्हीकोर, खोलीचं तापमान, सुपरपाय १एम या पायचे अंक काढणाऱ्या बेंचमार्कची वेळ. मल्टिमीटरची काळी टोकणी एसएमपीएसच्या मोकळ्या प्लगातल्या काळ्या वायरीत खुपसून ठेवा, लाल टोकणी स्लॉटजवळच्या कॉइलच्या प्रोसेसरकडच्या पायाला लावा. साधारण २.० व्होल्ट दिसायला हवेत. बायॉसचा आकडा आणि मल्टिमीटरचा आकडा यांत थोडा फरक असतोच. यापुढे विश्वास मल्टिमीटरवर ठेवायचा.

ही पायरी सगळे गाळतात. मग दोन दिवसांनी मशीन अडलं की बोर्ड आधीपासूनच आजारी होता की आपण आजारी पाडला, हे कळायला मार्ग राहत नाही.

दुसरी पायरी: बस वाढवा, व्होल्ट तेवढेच ठेवा

बोर्ड स्वतः ओळखून बस ठरवणारा असेल आणि ६६ वरच अडला असेल, तर कार्डाच्या कडेवरची बी२१ ही पट्टी झाकायची. ६६च्या प्रोसेसरमध्ये ती ग्राउंडला जोडलेली असते. झाकली की बोर्डाला वाटतं समोर १००चा प्रोसेसर आहे. जंपर किंवा बायॉसची सोय असेल तर याची गरज नाही.

आता थोडं गणित. गुणक ४.५ पक्का, म्हणून १००ला ४५०, ११२ला ५०४, १२४ला ५५८ आणि १३३ला जेमतेम ६०० मेगाहर्ट्‌झ. पण बस वाढली की तिच्या मागून पीसीआय (जोड-कार्डांची वाट) आणि एजीपीही (ग्राफिक कार्डाची वाट) वाढतात. १००वर पीसीआयला एक तृतीयांश म्हणजे ३३ मिळतात, ठीक. ११२वर ३७, १२४वर ४१. हार्ड डिस्कचा कंट्रोलर याच पीसीआयवर बसलेला असतो. ४१ला काही डिस्का कुरकुर न करता चुकीचं लिहू लागतात. तुम्हाला कळतं ते पुढच्या बूटला, विंडोज रजिस्ट्री हरवल्याचं सांगतं तेव्हा. म्हणून बेंचमार्कची डिस्क वेगळी, छोटी, आणि तिची प्रत आधी काढून ठेवलेली. १३३ला काही बोर्डांवर पीसीआयसाठी एक चतुर्थांशाचा भाजक मिळतो, मग डिस्क सुखात राहते. एजीपीला मात्र बीएक्समध्ये दोन तृतीयांशाच्या खाली काही नाही, त्यामुळे १३३ला ग्राफिक कार्ड ६६ऐवजी ८९वर धावतं. काही कार्डं हे हसत सोसतात, काही चालूच होत नाहीत.

१००वर आधी स्थिर व्हा, मग ११२. विंडोज चालू झाल्यावर बस बदलायची असेल तर त्या काळचं सॉफ्टएफएसबी आहे. बोर्डावरच्या घड्याळ-चिपचा नंबर, बहुधा आयसीएसने सुरू होणारा, बघून यादीतून निवडावा लागतो. याचा फायदा असा की बूट शांतपणे १००वर होतो आणि शेवटचे काही मेगाहर्ट्‌झ फक्त त्या एका धावेपुरते दिले जातात.

कुठेतरी मशीन अडेल. निळा पडदा येईल, किंवा सुपरपाय ‘नॉट एक्झॅक्ट इन राउंड’ म्हणून थांबेल. दुसरं झालं तर आकडेमोडच चुकते आहे: प्रोसेसर तरी उपाशी आहे नाहीतर रॅम. रॅमचे टायमिंग २-२-२ वरून ३-३-३ (म्हणजे थोडं सैल) करून बघा. तरी तेच होत असेल तर प्रोसेसरची भूक खरी. व्होल्ट वाढवायला हे कारण पुरेसं आहे. याच्या आधीचं कुठलंही नाही.

तिसरी पायरी: पट्ट्या

स्लॉट १ च्या कार्डाला दोन बाजू, ए आणि बी, प्रत्येकीवर १२१ पट्ट्या. आपल्या कामाच्या पाच पट्ट्या, म्हणजे व्होल्टेजची मागणी सांगणाऱ्या व्हीआयडी, एका टोकाला एकत्र आहेत:

बी१२० म्हणजे व्हीआयडी०
ए१२० म्हणजे व्हीआयडी१
ए११९ म्हणजे व्हीआयडी२
बी११९ म्हणजे व्हीआयडी३
ए१२१ म्हणजे व्हीआयडी४

यातली जी पट्टी प्रोसेसरच्या बाजूने ग्राउंडला जोडलेली ती ०, जी मोकळी ती १. पाच अंक व्हीआयडी४पासून व्हीआयडी०पर्यंत ओळीने वाचायचे. २.० व्होल्टचा ३००ए सांगतो ००००१: चार पट्ट्या ग्राउंडला, फक्त बी१२० मोकळी. पट्टी मोजण्यात चूक तर झाली नाही ना, हे तपासायची सोय यातच आहे. कार्ड बोर्डाबाहेर काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोकणी कार्डाच्या ग्राउंडला. चार पट्ट्या बीप देतील आणि बी१२० गप्प राहील. असं झालं नाही तर तुम्ही भलतंच टोक धरलंय.

झाकल्याने ० चा १ होतो. १ चा ० झाकून होत नाही. २.२ व्होल्टसाठी बोर्डाला १११०१ ऐकू यायला हवं. म्हणजे ए१२१, बी११९ आणि ए११९ या तीन पट्ट्या झाकायच्या. २.४ साठी ११०११, म्हणजे ए१२१, बी११९ आणि ए१२०. पाचही १ झाले तर बोर्ड समजतो की प्रोसेसर लावलेलाच नाही, आणि चालू होत नाही. ही चूक फुकटात सुटते.

दुसरी चूक फुकटात सुटत नाही, आणि नवख्यांसाठीच्या टिपणांत ती क्वचितच नीट सांगितलेली असते. व्हीआयडीच्या तक्त्यात पहिला अंक १ झाला की मोजणी ३.५ व्होल्टपासून खाली येते: १०००० म्हणजे ३.५, १०००१ म्हणजे ३.४, तिथून दर पायरीला ०.१ कमी. आता समजा २.२ साठी तीन पट्ट्या झाकल्या आणि स्लॉटमध्ये घालताना बी११९ वरची टेप सरकली. बोर्डाला ऐकू येतं १०१०१, म्हणजे ३.० व्होल्ट. ए११९ चीही सरकली आणि फक्त ए१२१ झाकलेली राहिली, तर ३.४. उलट ए१२१ ची टेप सरकली आणि बाकी दोन जागेवर राहिल्या तर मागणी १.४ वर येते. मशीन चालू होत नाही, पण चिप जिवंत राहते. तेव्हा जीव ए१२१ ला झाकण्यात नसून बाकीच्या दोन झाकलेल्या राहण्यात आहे.

माझा पहिला ३००ए असाच गेला. सेलोटेपची नखाएवढी पट्टी, स्लॉट घट्ट, मी कार्ड जरा तिरकं दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, आणि मी ‘बहुतेक रॅम नीट बसली नसेल’ म्हणत रॅमशी खेळत बसलो. मिनिटभराने तो गोडसर जळका वास आला. कार्ड काढलं तर बी११९ वरची टेप गुंडाळी होऊन वर चढलेली.

तेव्हापासून टेप बंद, नेलपॉलिश चालू. बारीक ब्रशने पट्टीवर दोन थर, मध्ये तासभर आणि शेवटी रात्रभर वाळू द्यायचं. शेजारच्या पट्टीवर ओघळलं तर ओलं असतानाच कापसाच्या काडीने पुसा. मग कार्ड बोर्डात सरळ, दोन्ही टोकांवर सारखा दाब देत घाला, चालू न करता बाहेर काढा आणि भिंगाखाली बघा. स्लॉटमधल्या पितळी जिभांचा ओरखडा तांब्यापर्यंत गेला असेल तर आणखी एक थर.

मेलेला सेलेरॉन फेकू नका. त्या पाच पट्ट्यांच्या जोडण्या कार्डातच पक्क्या असतात, चिपच्या जिवंत असण्याशी त्यांचा संबंध नाही. आतून शॉर्ट झालेला नसेल तर मेलेल्यावर पॉलिश लावून, बोर्डात घालून, व्हीकोर किती निघतो ते मोजता येतं. माझा तो शहीद आता नव्या बोर्डाच्या परीक्षेला पहिला जातो.

जिवंत कार्डाची पहिली सुरुवात: लाल टोकणी कॉइलवर आधीच टेकवलेली, दुसरा हात एसएमपीएसच्या स्विचवर, नजर आकड्यावर. २.२५ च्या वर काही दिसलं तर विचार न करता बंद. टोकणी घसरून शेजारच्या पायाला लागू नये म्हणून तिच्यावर टोकापर्यंत उष्णतेने आकसणारी नळी चढवून ठेवा, एक मिलिमीटर उघडं राहील एवढीच.

किती द्यायचं? विजेचा खर्च वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ३००/२.० वरून ५०४/२.२ वर गेलात तर १.६८ गुणिले १.२१, म्हणजे उष्णता दुपटीला टेकली. मूळ हीटसिंक काढून मोठा, तांब्याचा बूड असलेला, नवी पेस्ट लावून बसवल्याशिवाय २.२ देऊ नका. साध्या हवेवर माझी हद्द २.२ आहे. २.४ फक्त थंडी दिलेली असताना, फक्त धावेपुरतं. आणि लक्षात घ्या, २.२ ला जिथे अडलात तिथे २.४ देऊनही काही नग एक मेगाहर्ट्‌झ पुढे सरकत नाहीत. तसं झालं की व्होल्ट परत खाली आणा. आता आडवी येतेय ती उष्णता.

ग्राफिक कार्ड: ट्रिमरचा हिशोब

इथे पट्ट्या नाहीत, पण तत्त्व साधं आहे. कार्डावरच्या व्होल्टेज कंट्रोलर चिपला एक फीडबॅकचा पाय असतो, एफबी. चिप आपलं आउटपुट एवढंच ठेवते की एफबीवर ठरावीक संदर्भ व्होल्टेज दिसावं. आउटपुटपासून एफबीपर्यंत एक रेझिस्टर, त्याला आर१ म्हणू. एफबीपासून ग्राउंडपर्यंत दुसरा, आर२. आउटपुट = संदर्भ × (१ + आर१/आर२). आर२ कमी केला की आउटपुट चढतं. आर२ ला समांतर आणखी एक रेझिस्टर जोडला की तो कमी होतो. व्होल्ट-मॉड म्हणजे एवढंच.

कंट्रोलर ओळखायला भिंग घ्या, चिपवरचा नंबर वाचा, डेटाशीट शोधा. जुन्या कार्डांवर भेटणारी एक चिप म्हणजे इंटरसिलची आयएसएल६५२२: १४ पाय, ५ नंबरचा एफबी, ७ नंबरचा ग्राउंड, संदर्भ ०.८ व्होल्ट. हीच धरून उदाहरण करू. समजा आर१ १ किलोओम आणि आर२ १.६ किलोओम. आउटपुट ०.८ × १.६२५ = १.३ व्होल्ट. आपल्याला १.५ हवेत. गणित केलं तर आर२ एकूण १.१४ किलोओम व्हायला हवा, आणि त्यासाठी समांतर लागतो बरोबर ४ किलोओम.

मल्टिमीटरने कार्डावरच एफबी ते ग्राउंड मोजलंत तर १.६ किलोओम दिसणार नाहीत. दिसतील ६१५ ओमच्या आसपास. मल्टिमीटर बिघडलेला नाही. ग्राफिक चिप स्वतः ग्राउंडला काही ओमांचीच वाट देते, त्यामुळे आर१ ही आर२ ला समांतर मोजला जातो. रेझिस्टरांवर छापलेले आकडे वाचता येत असतील तर ते वाचा.

४ किलोओमचा रेझिस्टर सरळ न लावता २० किलोओमचा बहुवळणी ट्रिमर घ्या, निळा, पितळी स्क्रूचा, २५ वळणांचा. मधला पाय आणि एक टोक वापरायचं, दुसरं टोक मधल्यालाच जोडून टाकायचं. लावण्याआधी मोजून २० किलोओमवर नेऊन ठेवा. पहिल्यांदा चालू केल्यावर १.३४ व्होल्ट दिसायला हवेत. मग हळूहळू कमी. सुरुवातीला स्क्रू फिरवूनही काही होत नाहीसं वाटतं आणि शेवटी घात होतो: ५ वरून ४ किलोओमवर आलात तर ४० मिलिव्होल्ट वाढतात, पण २ वरून १ वर आलात तर तब्बल ४००. म्हणून ट्रिमरच्या ओळीत ३.३ किलोओमचा साधा रेझिस्टर घालतो. मग स्क्रू शून्यापर्यंत फिरवला तरी १.५४ च्या वर जाणं शक्यच नाही. दोन रुपयांचा विमा आहे. तो नसेल आणि एफबी ग्राउंडला चिकटला, तर कंट्रोलरला आउटपुट शून्य दिसतं आणि तो मिळेल तेवढी वीज चिपमध्ये ओततो.

सोल्डरिंग थेट कंट्रोलरच्या पायावर करायची गरज नसते. आर२ चं एफबीकडचं टोक हे विजेच्या दृष्टीने तेच ठिकाण, आणि तिथे जागा जास्त. ३० गेजची वायर, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स, आणि दोन सेकंदांच्या वर टेकवायचं नाही. ग्राउंड जवळच्या मोठ्या कपॅसिटरच्या उणे पायावरून. वायर बोटभर लांबीपेक्षा मोठी नको, कारण एफबी फार हळवा असतो. लांब वायर अँटेनासारखी गोंगाट गोळा करते आणि व्होल्टेज थरथरतं. ट्रिमर कार्डालाच ग्लू-गनने चिकटवा, लोंबकळत ठेवलात तर एक दिवस तो आर२ सकट उपटून येतो.

सोल्डरिंगची भीती वाटत असेल तर ६बी पेन्सिल. आर२ च्या दोन टोकांना जोडत माथ्यावर शिसं घासायचं, मोजायचं, परत घासायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की मूळपदावर. पण हवेतल्या ओलाव्याने त्याचा रोध बदलतो, कण गळतात, आणि आज १.४५ दाखवणारं कार्ड उद्या १.४१ दाखवतं. चाचणीला ठीक, स्पर्धेला नाही.

व्होल्टेज वाढवल्यावर भार पडताच कार्ड झटकन बंद होत असेल तर ते जळलेलं नाही, जादा प्रवाहाचं संरक्षण आडवं आलंय. ते उठवण्याचे मार्ग आहेत. पहिल्या कार्डावर नको.

ग्राफिक कार्डाच्या क्रमवारीत प्रोसेसर कोणताही चालतो, त्यामुळे थ्रीडीमार्क २००१ या ग्राफिक बेंचमार्कसाठी लोक जुनं एजीपी कार्ड सेलेरॉनबरोबर चालवत नाहीत. कोअर २ ड्युओ आणि एजीपी एकाच बोर्डावर देणारे असरॉक ७७५डुअल-व्हीएसटीएसारखे बोर्ड त्यासाठीच शोधले जातात. तिथला एजीपी १.५ व्होल्टचा, त्यामुळे ३.३ व्होल्टची फार जुनी कार्डं त्यात घालायची नाहीत.

थंडी

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश, कोरडा बर्फ उणे ७८. दोन्ही पहिल्या वर्षात विसरा. त्याआधी दवबिंदू समजून घ्या. जुलैत पुण्यात खोली २६ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर २३ अंशांखालच्या कुठल्याही गोष्टीला घाम फुटतो. बर्फाच्या पाण्याची नळी तर सोडाच. जानेवारीच्या पहाटे १२ अंश आणि ६० टक्के असेल तर तो बिंदू ४-५ अंशांवर येतो. म्हणजे उघडी खिडकी, टेबलावर मांडलेला बोर्ड आणि एक टेबल फॅन एवढ्यावर, थेंबाची भीती न बाळगता, उन्हाळ्यापेक्षा वीस-पंचवीस अंश थंड हवा फुकट मिळते. माझे चांगले आकडे सगळे जानेवारीतले आहेत, आणि घरच्यांचा सगळ्यात जास्त ओरडाही.

धाव आणि पुरावा

सुपरपाय १९९५ मध्ये टोकियो विद्यापीठातल्या यासुमासा कानादा यांच्या प्रयोगशाळेतून आला. १एम म्हणजे पायचे १०,४८,५७६ अंक, १९ फेऱ्यांत. स्पर्धेला मॉड १.५ एक्सएस ही आवृत्ती लागते, ती सेकंदाचे हजारावे भाग दाखवते आणि शेवटी चेकसम देते. एकच धागा (थ्रेड) चालतो, रॅमची तत्परता मोलाची ठरते, म्हणून ११२ बसवर २-२-२ टायमिंग कित्येकदा १२४वर ३-३-३ च्या तोंडाला तोंड देतं. दोन्ही धावून बघा, अंदाजावर जाऊ नका.

विंडोज जितकं हलकं तितकं चांगलं. नेटवर्क कार्ड काढून ठेवा, ध्वनी बंद, पडद्यावरची चित्रं बंद, अनावश्यक सेवा बंद. धाव सुरू करण्याच्या क्षणाआधी एखादी मोठी फाइल एका ठिकाणाहून दुसरीकडे कॉपी करायची जपानी क्लृप्ती, ‘कॉपी वाझा’, विंडोजच्या मेमरीची मांडणी साफ करते आणि वेळ थोडी घटवते. फाइल किती मोठी, हे प्रत्येकाचं गुपित असतं. पाचपन्नास धावा करून तुमचं शोधा.

स्क्रीनशॉटमध्ये सुपरपायची निकालाची खिडकी चेकसमसकट, प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडचा सीपीयूचा टॅब आणि मेमरीचा टॅब, तिन्ही एकमेकांवर न चढता दिसायला हवेत. विंडोज ९८ वर नवं सीपीयू-झेड चालत नाही, त्याची व्हिंटेज आवृत्ती घ्या. या खिडक्या धाव संपल्यावर उघडायच्या नसतात. आधीच उघडून, मांडून ठेवा. टोकावर धावणारं मशीन निकाल दाखवून, सीपीयू-झेडवर डबल-क्लिक केल्या केल्या गोठतं तेव्हा जे वाटतं ते अनुभवायची गरज नाही. स्क्रीनशॉट घेतला की लगेच पेंटमध्ये जतन करा, त्याआधी सॉफ्टएफएसबीने बस १०० वर उतरवली तर आणखी बरं, कारण वर सांगितलेला तो ४१चा पीसीआय त्याच क्षणी तुमची फाइल डिस्कवर लिहिणार असतो.